पाण्याची सुई

मच्छिंद्र ताके खोलीत यायच्या आधी त्यांच्या गुडघ्यांचा आवाज यायचा. कोरडं जातं ओढावं तसा. त्यांची मुलगी योगिता स्वयंपाकघरातून तो ऐकायची आणि त्यावरून आज तात्यांचा चहा पलंगावर द्यायचा की गॅलरीत, हे ठरवायची.

तात्या पाटकरी होते. कालव्याला पाणी सुटलं की त्याच्या बरोबरीनं चालायचं, कुठल्या चारीचं, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या फाट्याचं, दार केव्हा उचलायचं, केव्हा पाडायचं ते बघायचं, भरावाला खेकड्यानं कुठं भोक पाडलंय, कोण गुपचूप पाइप टाकून पाणी ओढतंय यावर नजर ठेवायची, असं ते काम. खात्यानं मध्ये मोटरसायकलही दिली होती. पण तात्यांचं म्हणणं, गाडीवरून पाणी दिसतं, गळती दिसत नाही. त्यामुळे उभी हयात ते नेवाशापुढचा कालवा पायी तुडवत राहिले आणि व्हायचं ते गुडघ्यांचं झालं. निवृत्तीनंतर लवकरच बायको गेली. मग गावचं घर बंद करून ते नगरला मुलीकडं आले.

योगिता फिजिओथेरपिस्ट. लोकांचे आखडलेले सांधे सोडवायचे, पडून असलेल्याला उभं करायचं, उभ्याला चालवायचं, यात तिचा दिवस जाई. नवऱ्यापासून ती फार पूर्वीच वेगळी झाली होती. त्याबद्दल विचारलेलं तिला खपत नसे, तेव्हा आपणही तो विषय काढायला नको. धाकटा भाऊ चाकणला एका कारखान्यात. त्याचं नाव गोरख. "मच्छिंद्राच्या घरात गोरख नको का?" असं म्हणत तात्यांनी बारशाच्या आधीच ते ठरवून टाकलं होतं.

अख्ख्या सावेडी उपनगरात योगिताच्या हाताला गुण म्हणून नाव होतं, पण बापाच्या गुडघ्यांपुढं तिची विद्या चालली नाही. शेक झाले, पट्टे झाले, व्यायाम झाले. सांधा बदलायचा तर भूल द्यायला तात्यांचं हृदय तयार नव्हतं. मग पलंग, बाथरूम आणि गॅलरीतली खुर्ची एवढाच त्यांचा मुलूख उरला. खुर्चीत बसून ते रस्त्याकडं बघत आणि मध्येच विचारत, "योगे, आज पाळी कोन्त्या चारीची हाये?"

"तुम्हीच सांगा," योगिता म्हणे. मग ते सांगत आणि दोघं हसत. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. म्हातारं माणूस, जुन्या गोष्टी काढणारच. आणि जो माणूस घराबाहेर पडतच नाही, तो वाट विसरलाय हे कळणार तरी कसं?

*

"तात्या, सायकलच्या चेनला तेल घालतात. पाणी का नाही घालत?" डॉ. मेधा गुगळेंनी विचारलं. त्या हाडांच्या डॉक्टर, आणि योगिताकडं येणारे निम्मे पेशंट त्यांनीच पाठवलेले असत.

"पानी कुढं थांबतंय?" तात्या म्हणाले. "दाबलं की पळतं ते. माझा जन्म गेला पळतं पानी अडवण्यात."

"अगदी बरोबर. पण तुमच्या गुडघ्यात न पळणारं पाणी असतं. म्हणजे, होतं."

तात्यांनी मुलीकडं पाहिलं. ही बाई थट्टा करतेय की काय, असा त्यांचा चेहरा होता. पण डॉक्टरांनी सांगितलं त्यात थट्टा नव्हती.

गोष्ट अशी आहे. पाण्याचा प्रत्येक रेणू एका बाजूनं किंचित धन आणि दुसऱ्या बाजूनं किंचित ऋण असतो. त्यामुळे जिथं विद्युतभार दिसेल तिथं तो जाऊन बिलगतो. आपल्या सांध्यांत हाडांच्या टोकांवर जी कूर्चा असते, तिच्यावर स्निग्ध रेणूंचा एक अतिशय पातळ थर असतो. या रेणूंची डोकी बाहेरच्या बाजूला असतात आणि त्या डोक्यांवर धन आणि ऋण असे दोन्ही भार असतात. प्रत्येक डोक्याभोवती पाण्याचे रेणू दाटी करून बसतात. वरून सगळ्या देहाचं ओझं आलं तरी ते जागा सोडत नाहीत, कारण त्यांना तिथून उपटायला फार ऊर्जा लागते. साधं पाणी अशा दाबाखाली कधीच पिळून निघालं असतं.

पण नुसतं घट्ट बसून भागत नाही. घट्ट बसलेलं बर्फही असतं, आणि दगडही. खरी गंमत पुढं आहे. हे पाण्याचे रेणू डोकं सोडून जात नाहीत, पण आपसांत जागा बदलत राहतात, तेही एका सेकंदात अब्जावधी वेळा. एक उठला की दुसरा बसलाच. त्यामुळे थर दाबाला हटत नाही आणि तरीही पाण्यासारखा वाहता राहतो. असे दोन थर एकमेकांवरून सरकतात तेव्हा घर्षण जवळजवळ नाहीसंच होतं. तेलाला हे जमत नाही. म्हातारपणी हा स्निग्ध थर उडतो, मग पाण्याला धरून ठेवणारं कोणी उरत नाही आणि कूर्चा कूर्चेवर घासते.

नवं औषध म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेला एक रेणू. त्याचं एक टोक झिजलेल्या कूर्चेला घट्ट धरतं आणि दुसरं टोक पाण्याला. सुईनं ते सांध्यात सोडलं की थर पुन्हा तयार. झिजलेलं भरून येत नाही, काही बधिरही होत नाही. फक्त घासणं थांबतं. सहा महिन्यांनी हे रेणू झडून जातात, मग पुन्हा सुई. औषधाचं खरं नाव लांबलचक होतं. लोक त्याला पाण्याची सुई म्हणत.

"म्हंजे दार पाडायचं आन् पानी बी चालू ठिवायचं," तात्या म्हणाले. "ब्येस हाये. द्या."

*

तिसऱ्या आठवड्यात योगिता कामावरून आली तर पलंग रिकामा. ती घाबरून जिन्याकडं धावली तर तात्या वर येत होते, हातात मेथीची जुडी. जिना चढताना त्यांनी कठड्याला हातसुद्धा लावला नव्हता.

"तो भाजीवाला लुटतो तुला," ते म्हणाले. "मी सांगितलं त्याला, उद्यापासून मी येनार."

योगिता पायरीवर मटकन बसली आणि रडली. तात्या तिच्या शेजारी बसले, उकिडवे. उकिडवं बसलेल्या बापाला ती कितीतरी वर्षांनी बघत होती.

तो उन्हाळा आणि त्यानंतरचे दिवस त्या दोघांच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले म्हणायला हरकत नाही. रोज पहाट सरली की दोघं फिरायला निघत. तात्या पुढं, योगिता धापा टाकत मागं. लहानपणी ती त्यांच्याबरोबर कालव्याच्या भरावावरून चालायची, तेव्हाही हेच असायचं. चालता चालता ते बोलत. आई त्यांना कालव्यावर डबा घेऊन यायची आणि वाटेत भाकरीचा कोर स्वतःच खायची, हे योगिताला या वयात कळलं. पोरीला फिजिओथेरपीला घालायचं म्हटल्यावर भावकीनं त्यांना वेड्यात काढलं होतं, हेही. "मी म्हन्लं, लोकाला चालवनारी पोरगी माझी. तुम्हाला काय कळतंय!" असं सांगून ते मागं वळून तिच्याकडं बघत आणि म्हणत, "चल की. दमली का एवढ्यात?"

एकट्या तात्यांचं नव्हे, सगळ्या शहराचं हेच चाललं होतं. म्हातारी माणसं बागांमध्ये मावेनात. गडावरच्या देवांना वर्षानुवर्षं न भेटलेल्या आज्या पायऱ्या चढून दर्शन घेऊन आल्या. एसटीत ज्येष्ठांच्या राखीव जागांवर तरुण पोरं बिनदिक्कत बसू लागली, कारण उभं राहण्यात ज्येष्ठांना धन्यता वाटू लागली होती. त्याच सुमारास वर्तमानपत्रांत हरवलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो वाढले, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, असं पहिले काही महिने कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

*

दिवाळीच्या आधी योगिताला बसस्थानकावरून फोन आला. तात्या नेवाशाच्या गाडीत बसले होते, खांद्यावर कोरं फावडं. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं तर म्हणाले, पाणी सुटायचंय, साहेब वाट बघत असतील. नाव विचारलं तर सांगितलं. मुलीचं नाव सांगितलं. मुलगी किती वर्षांची, तर म्हणाले, चौथीला आहे.

तपासण्या झाल्या. मेंदूचा फोटो काढणाऱ्या डॉक्टरांनी पडद्यावरच्या काळ्या जागा दाखवल्या आणि म्हणाले, हे आजचं नाही, बऱ्याच वर्षांचं आहे. आधी लक्षात कसं आलं नाही? गुडघ्यांनी ते झाकून ठेवलं होतं, हे योगिताला त्या खोलीत उभ्या उभ्या कळलं. शेजारच्या लताबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "देवाचं असंच असतं बघ. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत." योगिताला ती म्हण आयुष्यात पहिल्यांदा टोचली.

त्यानंतर तात्या निघून जाऊ लागले. आपण फिरायला जातो तसं नव्हे. ते कामावर जात. तोंडानं म्हणत, पाणी सुटायचंय, आणि पाय चालू पडत. चांगल्या माणसाला तासाभरात कंटाळा येतो, पाय दुखतात, तो कुठंतरी टेकतो. तात्यांचे गुडघे त्यांना टेकू देत नव्हते. कधी ते विळदच्या पुढं सापडले, कधी शिंगव्याजवळ. तळव्यांना फोड येत, ते फुटत, पण फोडांचं दुखणं किरकोळ. उभ्या जन्मात त्याची दखल त्यांनी कधी घेतली नव्हती.

योगितानं काय केलं नाही? मनगटावर ठावठिकाणा सांगणारं घड्याळ बांधलं, ते त्यांनी एका रसवंतीवाल्याला बक्षीस दिलं. चपलेत यंत्र बसवलं, तर चपला रस्त्याच्या कडेला जोडीनं काढून ठेवलेल्या सापडल्या. चारीत उतरताना पाटकरी चपला काढतो, हे तिला माहीत असायला हवं होतं. दाराला कुलूप लावलं, तर दिवसभर दार ठोकून त्यांनी हात सुजवून घेतले, आणि लताबाईंनी सांगितलं की आतून ते रडत होते, साहेब, माझी नोकरी जाईल, दार उघडा, म्हणून. गुंगीच्या गोळ्या दिल्या. तोंडातून लाळ गळणारा, डोळे अर्धवट मिटलेला तो माणूस योगिताला आठवडाभर बघवला आणि मग तिनं गोळ्या फेकून दिल्या. एका वृद्धाश्रमात ती जाऊन आली. तिथले व्यवस्थापक भले गृहस्थ होते. म्हणाले, "ताई, अंथरुणाला खिळलेला पेशंट असेल तर आजच आणा. चालता नको. चालते आमच्यानं सांभाळले जात नाहीत."

मधल्या काळात सुईची मुदत संपली होती. तेव्हा योगितानं दुसऱ्यांदा विचारच केला नाही. तात्यांना घेऊन गेली आणि सुई देऊन आणलं. बापाला बरं वाटण्याच्या आड कोणती लेक येईल?

*

चैत्रात उन्हाळी पाणी सुटलं त्या दिवशी तात्या घरातून गेले. योगिता कामावर असताना तात्यांजवळ बसणाऱ्या लताबाई कपडे वाळत घालून आत आल्या तोवर दार उघडं होतं.

या खेपेला ते संध्याकाळपर्यंत सापडले नाहीत. नेवाशाच्या गाडीच्या कंडक्टरनं त्यांना ओळखलं आणि कालव्याच्या पुलाशी उतरवल्याचं सांगितलं. गोरख चाकणहून निघून थेट तिकडं आला. पोलिसांनी ड्रोन सोडला. गोरखचं म्हणणं सरळ होतं. तात्या पाटकरी, पाणी सुटलंय, म्हणजे ते जिथून पाणी सुटतं तिकडं, धरणाकडं गेले असणार. सगळ्यांना ते पटलं. योगितालाही. शोध पुलापासून धरणाच्या दिशेनं सुरू झाला. कालवा तुडुंब चालला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणबुडे आले आणि त्यांनी गळ टाकायला सुरुवात केली, तेव्हा गोरख भरावावर डोक्याला हात लावून बसला.

योगिता पुलावर उभी राहून पाण्याकडं बघत होती. पाणी मातकट, वेगानं खाली चाललेलं. वरच्या अंगाच्या सगळ्या चाऱ्यांची दारं बंद होती. एकाही शेतात पाणी जात नव्हतं. ते तिच्या नजरेला दिसत होतं, पण डोक्यात शिरायला वेळ लागला. आणि मग तिला तात्यांचा आवाज आठवला. ती चौथीत होती. कालवा आपल्या दारावरून चाललाय आणि आपल्या चारीला पाणी का नाही, असं तिनं विचारलं होतं. ते म्हणाले होते, आधी टेल. कालव्याच्या शेवटच्या गावाला पाणी पोचवायचं, मग तिथून एकेक दार उघडत वर यायचं. डोक्याकडून, म्हणजे धरणापासून, वाटत आलं तर वरचेच सगळं पिऊन टाकतात, शेवटच्याला थेंब मिळत नाही. म्हणून पाणी यायच्या आधी पाटकरी टेलला हजर पाहिजे.

"गोरख," ती ओरडली, "आपण उलटं शोधतोय!"

टेलकडच्या शेवटच्या पोटचारीत ते सापडले. पाणी तिथवर अजून आलं नव्हतं. चारी कोरडी ठणठणीत, तळाला भेगा, आणि दाराला पाठ टेकून तात्या बसले होते. ओठ फुटले होते. तळव्यांची कातडी निघून माती मांसाला चिकटली होती. अंगात इतका ताप की हात लावला तर चटका बसावा. योगितानं त्यांना मांडीवर घेतलं.

"पानी आलं का?" त्यांनी विचारलं.

"येतंय, तात्या."

सवयीनं तिचा हात त्यांच्या गुडघ्यांवर गेला. दोन्ही गुडघे गार होते. सूज नाही, ताठरपणा नाही. तिनं हलकेच पाय वाकवून पाहिला तर तो लोण्यातून सुरी जावी तसा वाकला. बाकीचा सगळा देह मरणाला टेकला होता आणि गुडघे अजून चालायला तयार होते. त्या क्षणी योगिताला त्या गुडघ्यांचा, त्या सुईचा, आणि सुई देऊन आणणाऱ्या स्वतःचा इतका राग आला की ती मोठ्यानं किंचाळली. गोरखला वाटलं, तात्या गेले.

*

ते गेले नाहीत. महिनाभर दवाखान्यात राहिले, पायाची दोन बोटं काढावी लागली. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या दुसऱ्या संध्याकाळपर्यंत सापडले नसते तर काही खरं नव्हतं. आणि घरी आल्यावर जखमा भरताच त्यांनी पुन्हा दाराशी जाऊन विचारलं, "माझं फावडं कोनी नेलं?"

सुईची तारीख जवळ आली होती. डॉ. गुगळेंच्या खोलीत तिघं बसले होते, योगिता, गोरख आणि डॉक्टर.

"द्यायची नाही," गोरख म्हणाला. "विषय संपला."

"तुला माहितीय का, नाही दिली तर काय होईल?" योगितानं विचारलं. "इतकं चाललेत ते. कूर्चा आता नावाला उरलीय. पूर्वी दुखायचं त्याच्या दुप्पट दुखेल."

"जिवंत तर राहतील! ताई, मी त्या पाण्यात गळ टाकताना बघितलंय." मग तो म्हणाला, "एकाच गुडघ्याला दिली तर? म्हणजे थोडं दुखेल, पण लांब जाता येणार नाही."

डॉ. गुगळेंनी मान हलवली. "एक पाय पळेल, दुसरा अडेल. पहिल्याच जिन्यावर पडतील आणि खुबा मोडून घेतील." मग त्या योगिताकडं वळल्या. "हे बघ, मी सुई द्यायला बसलेय. तू त्यांना आणलंस तर मी देईन. नाही आणलंस तर तुझ्या घरी विचारायला येणार नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि खरं सांगू, सांगायचं धाडसही नाही. अशी तू एकटी नाहीस. या महिन्यात तुझ्यासारख्या कितीतरी जणी या खुर्चीत बसून गेल्यात."

योगिता घरी आली. तात्या गॅलरीत होते. त्यांनी खुर्ची सोडून उभं राहत विचारलं, "चल, जायचं का फिरायला?" त्या दिवशी त्यांनी तिला ओळखलं होतं. तिनं त्यांना भाजीवाल्यापर्यंत नेलं आणि परत आणलं. सुईच्या तारखेला ती कामावर गेली, दिवसभर अनोळखी माणसांचे पाय वाकवत बसली, आणि डॉ. गुगळेंचा दवाखाना बंद झाल्यावरच घरी परतली.

रेणू एकदम झडत नाहीत. आधी जिना चढताना तात्या थबकू लागले. मग कठड्याला हात लागला. मग एका सकाळी स्वयंपाकघरात तिला तो जुना आवाज ऐकू आला, पलंगापासून दारापर्यंत, आणि दाराशी येऊन थांबलेला. दाराबाहेर तो गेला नाही. योगिताला हायसं वाटलं. बापाचे गुडघे घासतायत आणि आपल्याला हायसं वाटतंय, हे कळल्यावर ती नळ सोडून मोरीत रडली.

वेदनाशामक गोळ्या ती देत असे. तिच्या विद्येचा उपयोग आता तिथं होता. रात्री झोप लागेल इतकी गोळी, पण उठून चालता येईल इतकी नाही. हे प्रमाण कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते तिनं स्वतः बसवलं होतं, बापाचा चेहरा बघून, कण्हणं ऐकून, आणि त्यात ती इतकी तरबेज झाली होती की गोरख म्हणाला, "ताई, तू होतीस म्हणून." ती त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही.

दार मात्र आता उघडं राहू शकत होतं. वारा येई. लताबाई येऊन बसत.

यात एकच गोष्ट योगितानं धरली नव्हती. पूर्वी तात्यांना वर्षानुवर्षांचं दुखणं होतं, त्याची त्यांना सवय होती. आता त्यांना आदला दिवस आठवत नसे. त्यामुळे रोज सकाळी उठताना ते दुखणं त्यांना पहिल्यांदाच होई. ते पाय खाली टाकत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ आश्चर्य उमटे. "आगं माय! हे काय झालं? काल तर मी टेलपस्तोर चालत गेलो." कधी ती सांगे, पडलात. कधी सांगे, थंडी आहे. कधी म्हणे, वय झालं, तात्या. रोज नवं कारण द्यावं लागे आणि रोज ते त्यावर विश्वास ठेवत.

एका सकाळी ती गरम पाण्याच्या पिशवीनं त्यांचा गुडघा शेकत होती. ते दात आवळून, पलंगाची कड धरून बसले होते. पिशवी थोडी जोरात लागली आणि त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, लहान मूल झोपेत काढतं तसा. योगिताला तो सहन झाला नाही. इतके दिवस ती त्यांच्यासमोर रडली नव्हती. त्या दिवशी पिशवी तशीच धरून, मान खाली घालून ती रडत राहिली.

तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बरेच दिवस त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. रोज सकाळी येणारी दवाखान्यातली कोणी बाई, असं ते तिला समजत.

"रडू नका, ताई," ते म्हणाले. "माझ्या गुडघ्याचं तुम्ही कशापायी मनाला लावून घेता? तुम्ही काय मुद्दाम केलंय का?"

योगितानं डोळे पुसले. त्यांच्याकडं पाहिलं. रोज देत होती तसं एखादं कारण तिला त्या दिवशी सुचलं नाही.

"मुद्दामच केलंय," ती म्हणाली. "सुई होती. ती दिली असती तर तुमचं दुखलं नसतं. मी दिली नाही."

तात्या तिच्याकडं बघत राहिले. कपाळावर आठ्या पडल्या, मग हळूहळू निवळल्या.

"मंग काहीतरी कारन आसंल," ते म्हणाले. "तुम्ही काही वाईट बाई दिसत न्हाई."

तात्यांनी दाराकडं एक नजर टाकली, तिच्याकडं थोडं वाकले आणि आवाज खाली आणला.

"फक्त माझ्या पोरीला सांगू नका. ती बी हेच काम करती, लोकाला चालवायचं. लई जीव हाये तिचा माझ्यावर. तिला कळलं ना, तर जल्मात माफ करायची न्हाई तुम्हाला."

"नाही सांगत," योगिता म्हणाली, आणि पिशवी उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.